नकाशेवाल्यांची काठी

माझी आत्या स्नूकर कधीच खेळली नाही. पण आमच्या भागात ज्यांची स्वतःची काठी होती, त्यांतल्या बहुतेकांच्या काठीचं टोक तिच्या हाताखालून गेलेलं होतं.

तिची उमेदीची वीस वर्षं बुटांच्या कारखान्यात चामडं कापण्यात गेली. कारखाना बंद पडला तेव्हा ती पंचेचाळिशीला टेकली होती. गल्लीच्या कोपऱ्यावर, पहिल्या मजल्यावर स्नूकरचा हॉल होता. तिथला मॅनेजर चहाच्या दुकानात कुरकुरत होता की काठ्यांना चामड्याच्या टिपा बसवणारा माणूस काम सोडून गेला. आत्यानं ते ऐकलं, तडक जिना चढून वर गेली आणि म्हणाली, चामड्याचंच काम आहे ना, मग मला दाखवा. आठवड्याभरात जिन्यालगतची खोली तिची झाली. खोली कसली, एक खिडकी, एक बाक आणि भिंतीला टेकवलेल्या काठ्या.

खेळणारे तिला टोकबाई म्हणत. ती काठीला टोक करून देते म्हणून, आणि येता-जाता सगळ्यांना टोकते म्हणूनही.

काम दिसायला एवढंसं. काठीच्या टोकाला नखाएवढी चामड्याची चकती असते, ती टिप. तिच्याखाली पितळेची छोटी टोपी, तिला फेरूल म्हणतात. चेंडूला लागायचं ते चामड्यानं. पितळ आहे ते लाकूड फाटू नये म्हणून. आत्या जुनी टिप पात्यानं उडवायची, पितळ सपाट घासायची, नवी चकती डिंकवून दाबून धरायची. दुसऱ्या दिवशी काठी उलटी करून पितळेबाहेर आलेलं चामडं सोलायचं, कड ओली करून चिंधीनं घासायची. घासता घासता चामडं गरम व्हायचं आणि काचेसारखं चमकायला लागायचं. मग वरून घुमटासारखा गोल आकार द्यायचा. शेवटी स्वतःच निळा खडू लावून ती काठी मालकाच्या हातात द्यायची.

झिजलेली टिप बघून माणूस ओळखणं तिला कधी जमायला लागलं, ते तिलाही सांगता यायचं नाही. काठी मुठीकडे एका बाजूनं सपाट असते, त्यामुळे खेळणारा ती कायम एकाच अंगानं धरतो आणि टिपही ज्याची त्याची वेगळी झिजते. एका टॅक्सीवाल्याला ती म्हणाली, तुझा उजवा खांदा दुखतोय, दाखवून घे. तो हसला, त्याला काहीच दुखत नव्हतं. दोन महिन्यांनी त्याला हात वर करता येईना.

तिच्या गिऱ्हाइकांत एक म्हातारे गृहस्थ होते. सरकारी कचेरीत जमिनीचे नकाशे काढण्यात जन्म गेलेला, म्हणून सगळे त्यांना नकाशेवाले म्हणत. दर मंगळवारी दुपारी एकटेच खेळायचे. बोलणं मोजकं, पण घुमटाचा आकार केसभर जरी चुकला तरी त्यांना कळायचं. आत्याला अशी माणसं आवडायची. मग ते यायचे बंद झाले. अर्धांगवायूचा झटका आला, वाचा गेली, असं कुणीतरी सांगितलं. वर्षभरानं ते गेल्याचं कळलं.

त्यानंतर चार-पाच महिन्यांनी एक बाई जिना चढून आल्या. सत्तरीच्या जवळपास, नीटनेटक्या, दम लागलेला. नकाशेवाल्यांची बायको. बरोबर त्यांची काठी. टिप अगदी पितळेपर्यंत गेली होती, चामडं अळंबीसारखं कडेनं पसरलं होतं, फेरूल चेपून सैल झाली होती. आत्याला मनातून राग आला. घरातल्या कुणीतरी काठीची हेळसांड केली, असं तिला वाटलं. तिनं फेरूल बदलली, नवी टिप बसवली. त्या काकू काठी छातीशी धरून जपून जिना उतरून गेल्या.

महिन्याभरात त्या परत आल्या. टिप पुन्हा तशीच, पार संपलेली. आत्यानं भिंगाखाली पाहिलं. चामड्यात खडूबरोबर पांढरी पूड घुसली होती. ही झीज टेबलावरची नव्हती. आत्यानं विचारलं, घरी कोण खेळतं? काकू म्हणाल्या, कुणी नाही, मी एकटीच असते. मुलगी परगावी.

तिसऱ्यांदा तेच झालं तेव्हा आत्यानं काठी बाकावर ठेवली आणि सरळ सांगितलं, काकू, या काठीचं काय करता ते कळल्याशिवाय मी हात लावणार नाही.

काकूंनी जरा विचार केला. मग म्हणाल्या, टिप बसवा आणि तुम्हीच घेऊन या घरी. शनिवारी दुपारी या, दोन वाजता.

शनिवारी आत्या गेली. तळमजल्यावर दोन खोल्यांचं घर, लख्ख उजेड, रस्त्यावर भाजीवाल्याची हाळी. आतल्या खोलीत भिंतीला लागून पलंग होता, चादर ताणून घातलेली. काकूंनी काठी तिच्या हातातून घेतली, पलंगावर भिंतीच्या बाजूला आडवी ठेवली आणि आत्याला स्वयंपाकघरात नेऊन बसवलं. चहा ठेवला. मुलीच्या, शेजारणीच्या गप्पा काढल्या. आत्याचं अर्धं लक्ष घड्याळाकडे.

मग भिंतीवर आवाज आला. टक, टक. जरा थांबून, पुन्हा टक.

आत्यानं बशी खाली ठेवली. काकू तिच्या समोर बसलेल्या होत्या, दोन्ही हात कपाभोवती. मधल्या दारातून आतली खोली दिसत होती, तिथं कुणी नव्हतं. पलंगाचा भिंतीकडचा भाग मात्र दारामागे झाकलेला.

"बसा तुम्ही," काकू म्हणाल्या, "मला बोलावलंय." आणि पेल्यात पाणी घेऊन, "आले, आले," म्हणत त्या आत गेल्या.

आत्यानं मला सांगितलं, आवाजानं मी एवढी घाबरले नव्हते. ते 'आले, आले' ऐकून माझ्या अंगावर काटा आला. रोज पन्नास वेळा म्हणतो ना आपण, तसं साधं म्हटलं त्यांनी.

ती उठून दारापर्यंत गेली. काकू पलंगाच्या कडेला बसल्या होत्या, पाण्याचा पेला तिथल्या स्टुलावर. उशीच्या उंचीवर भिंतीला ताजे निळे ठिपके होते, आत्यानं सकाळी लावलेल्या खडूचे. त्यांच्याभोवती जुने, फिकट, शेकडो. काकू सांगायला लागल्या. वाचा गेल्यावर ते काठीनं भिंत ठोकायचे. पलीकडे स्वयंपाकघर, तिथं मला ऐकू यायचं. तीन ठोके म्हणजे पाणी. ते गेले, मी भिंतीला नवा रंग देऊन घेतला. महिनाभर काही नाही. मग एका दुपारी भांडी घासत होते तेव्हा ऐकू आलं.

आत्यानं विचारलं, मग टिप कशाला बसवून घेता? ठोकायला लाकूडही पुरतं.

"टिप झिजली की पितळ लागतं भिंतीला," काकू म्हणाल्या. "रागावल्यासारखा आवाज येतो. ते रागीट नव्हते हो."

आत्यानं हात पुढे करून काठीच्या टोकाला बोट लावलं. चामडं गरम होतं, घासून चमकवताना होतं तेवढं. ती चप्पल हातात घेऊनच घराबाहेर पडली.

तीन-चार दिवस ती कामावर गेली नाही. घरी सांगितलं, कणकण आहे. माझे वडील तिचे धाकटे भाऊ. त्यांनी खूप खोदून विचारलं, पण ती काही बोलली नाही. पुन्हा ती काठी हातात घ्यायची नाही, असं तिनं ठरवलंही होतं. पण पुढच्या महिन्यात काकू जिन्यावर उभ्या राहिल्या, धापा टाकत, आणि आत्याच्यानं नाही म्हणवेना. उलट तिनं कारखान्यातून आणून ठेवलेला जुना साठा उपसून सगळ्यात मऊ चामडं काढलं, तीन पापुद्रे एकावर एक डिंकवले आणि स्वतःच्या हातानं टिप तयार केली. भिंत ठोकायला घुमटाची काय गरज, पण तिनं तो केला, अगदी केसभरही न चुकता. त्यांना कळलं असतं, म्हणाली.

असं दोन वर्षं चाललं. टिप मऊ असूनही हळूहळू जास्त टिकायला लागली. आधी महिना, मग दोन, मग सहा. एकदा काकू म्हणाल्या, आताशा फार हाका मारत नाहीत, झोप लागत असेल. आत्या म्हणाली, बरं आहे की. दोघी त्यावर थोड्या हसल्यासुद्धा.

शेवटच्या खेपेला काकूंनी काठी आणली तेव्हा टिप आत्यानं दिली होती तशीच होती. खडूसुद्धा पुसला गेला नव्हता.

"आठ महिने झाले," काकू म्हणाल्या. "दुपारी मी भांडी वाजवत नाही, रेडिओ लावत नाही. तुम्ही जरा बघा. काही बिघडलं तर नाही ना हिच्यात?"

आत्यानं काठी खिडकीपाशी नेली. फेरूल बोटानं फिरवून पाहिली, घट्ट होती. टिपेला नख लावलं, कड तपासली, काठी बाकावर लोळवून सरळ आहे का पाहिलं. नेहमीपेक्षा दुप्पट वेळ घेतला, कारण उत्तर तिला पहिल्या क्षणीच ठाऊक होतं. मग ती काकूंच्या शेजारी येऊन बसली.

"काठीत काहीच दोष नाही, काकू."

काकूंनी मान हलवली. रडल्या, पण फार नाही. आत्यानं खालून चहा मागवला. दोघींनी तो प्यायला. जाताना काकूंनी काठी तिथेच ठेवली. म्हणाल्या, मुलगी कधीची बोलावतेय, आता जाईन तिच्याकडे. ही कुणालातरी खेळायला द्या. मात्र टिप तेवढी बदला.

आत्यानं ती टिप पात्यानं उडवली, पितळ घासलं आणि बाजारातली साधी, टणक टिप बसवली. काठी एका शाळामास्तरांनी घेतली. ते मंगळवार सोडून रोज येतात, मंगळवारी त्यांची शाळा उशिरा सुटते. खेळतात बेताचं. त्यांची टिप वरच्या अंगानं झिजते, आणि आत्या त्यांना दर वेळी टोकते की मास्तर, चेंडूकडे जरा वाकून बघत जा.