गोठ्यातली मिठाची वीट

दाजींचा फोन आला तेव्हा सकाळचे पावणेसात झाले होते. "दिलीपराव, धार अर्धी राहिली," एवढंच ते म्हणाले. त्यानंतर फोनवर नुसतं गाईचं हंबरणं ऐकू येत राहिलं... मी बारामतीहून निघालो आणि पाऊण तासात त्यांच्या वस्तीवर पोहोचलो. अक्का, म्हणजे माझी थोरली बहीण सुमन, गोठ्यातच गेली होती. बादलीत दोनेक लिटर दूध होतं. ते दाजींनी डेअरीला घालू दिलं नव्हतं आणि कुणाला ओतूही दिलं नव्हतं. मृत्यूच्या दाखल्यावर कारणाच्या जागी डॉक्टरांनी हृदयविकार असं लिहिलं. अक्का एकसष्ट वर्षांची होती. त्याला आता सात आठवडे झाले.

अक्काचं सासर इंदापूर तालुक्यात, कालव्याच्या खालच्या अंगाला. ऊस आणि डाळिंब दाजींकडे, सहा गाई तिच्याकडे, अशी त्यांची वाटणी लग्नापासूनची. तीन वर्षांपूर्वी पुण्यात तिचं मोठं ऑपरेशन झालं. मोठ्या आतड्याला कित्येक वर्षं जखमा होत होत्या, शेवटी ते काढून टाकावं लागलं. लहान आतड्याचं टोक पोटावर, बेंबीच्या उजव्या बाजूला बाहेर काढलं आणि त्यावर पिशवी आली. ती कायमची होती. अक्का दोन दिवस भिंतीकडे तोंड करून झोपली. तिसऱ्या दिवशी उठून नर्सला म्हणाली, "शिकवा मला, कशी बदलायची ती." घरी आल्यावर तिनं जुन्या सुती लुगड्याचा रुंद पट्टा शिवला. धारेला बसताना पिशवी त्यात नीट बसायची. चारचौघांत बोलायला तिनं पिशवीचं नाव 'पाहुणी' ठेवलं. लग्नाच्या पंगतीतून उठताना म्हणायची, "बसा, पाहुणीला वाटंला लावून येते." दाजी सोडून कुणाला काही कळायचं नाही आणि दाजींना हसू आवरायचं नाही.

त्रास सुरू झाला तो दोन महिन्यांनी. आधी पोटऱ्यांत गोळे येऊ लागले. मग हाताची बोटं आखडायला लागली, धार काढता काढता गाईचे सड हातातून सुटायचे. उठताना डोळ्यांपुढे अंधारी यायची. तोंडाला सारखी कोरड आणि किती पाणी प्यायली तरी तहान भागायची नाही. आम्ही इंदापूरला दाखवलं, बारामतीला दोन ठिकाणी दाखवलं. जीवनसत्त्वं तपासली, थायरॉईड तपासलं, मणक्याचा एमआरआय केला. रक्तातलं मीठ काठावर होतं, पण ठीक होतं. एक डॉक्टर वय म्हणाले. दुसऱ्यांनी मनावर ताण आहे असं सांगून झोपेची गोळी दिली. एका गोष्टीवर मात्र सगळ्यांचं एकमत होतं, की पाणी वाढवा. त्यामुळे दाजी तांब्या घेऊन तिच्यामागे फिरायचे. येणाराजाणाराही म्हणायचा, पाणी प्या. ती प्यायची, पिशवी तासाभरात भरायची, आणि गोळे आणखी यायचे.

दुसरी एक गोष्ट त्या घरात कुणाच्या लक्षातच राहिली नव्हती, इतकी ती जुनी होती. ऑपरेशनच्या सहा-सात वर्षं आधी अक्काचा रक्तदाब वाढला होता आणि तेव्हाच्या डॉक्टरांनी मीठ बंद करायला सांगितलं होतं. दाजींनी तो हुकूम कडक पाळला. तिची भाजी वेगळी, अळणी. मिठाची बरणी वरच्या फळीवर, तिचा हात पुरणार नाही अशी. ऑपरेशननंतर रक्तदाब खाली आला, त्याच्या गोळ्याही बंद झाल्या. मिठाचा हुकूम मात्र कुणी मागे घेतला नाही, कारण तो मागे घ्यायचा असतो हे कुणाला सुचलंच नाही.

ऑपरेशनला चार महिने झाले तेव्हा पुण्याच्या डॉक्टरांची पुन्हा वेळ मिळाली. मी वर्तमानपत्रात उपसंपादक आहे. लोकांचं लांबलचक लिहिणं थोडक्यात आणणं हे माझं रोजचं काम. मी अक्काला म्हणालो, "डॉक्टरकडे पाच मिनिटं असतात. काय काय होतं ते लिहून ठेव, मी नीट करून देतो." डेअरीच्या पावत्यांच्या पाठीमागे तिनं पेन्सिलीनं लिहिलं. अकरा पावत्या झाल्या. त्यात शेजारणीचं बोलणं होतं, गाभण गाय होती, लाईट कधी गेली तेही होतं. आठव्या पावतीवर तीन वाक्यं होती: 'मिठाचं खावं वाटतं. गोठ्यातली वीट खरडून तोंडात टाकते. मग दोन तास बरं वाटतं.'

वीट म्हणजे जनावरांना चाटायला टांगतात ती, मिठाची आणि क्षारांची, तांबूस. मी ती तीन वाक्यं काढली. तेव्हा मनाशी कारण दिलं की याचा आजाराशी संबंध नाही. खरं कारण वेगळं होतं. माझी बहीण जनावराचं मीठ खाते, हे पुण्याच्या डॉक्टरांनी वाचू नये असं मला वाटलं. अकरा पावत्यांचं मी एक पान केलं. सुटसुटीत, क्रमानं, टाईप केलेलं. डॉक्टरांनी ते वाचलं, "छान लिहिलंय," म्हणाले आणि पाणी वाढवायला सांगितलं.

पुढचे आठ महिने तसेच गेले. वजन नऊ किलोनं उतरलं. दोनदा ती गोठ्यात पडली. सलाईन लावलं की दोन दिवस बरं वाटायचं, का ते कुणी विचारलं नाही. सहापैकी तीन गाई दाजींनी विकल्या. फोनवर ती एकदा म्हणाली, "दिल्या, मला बरं करू नगा. पर ह्ये हाय तरी काय, तेवढं कुणीतरी सांगा. नाव कळलं की सोसंन मी." त्यावर मी काहीतरी धीराचं बोललो. काय बोललो ते आठवत नाही.

उत्तर आलं ते गोठ्यातून. पंधरा दिवसांच्या कालवडीला हगवण लागली होती आणि दाजी तिला बाटलीनं पाणी पाजत होते. जनावरांचे डॉक्टर आले आणि त्यांच्यावर ओरडले, "आबा, नुसतं पाणी काय पाजताय? तिच्या अंगातलं मीठ चाललंय भाईर. मीठ-साखर घालून पाजा, न्हायतर पाणी अंगात राहायचं न्हाय." अक्का दारात उभी होती. ती म्हणाली, "आन् माणसाचं वो, डॉक्टर?" ते हसले आणि म्हणाले, "माणसाचं मी बघत न्हाय, मावशी. पर आतडं ते आतडंच."

तिनं लगेच मला फोन केला. पुण्याला जायचं म्हणाली. "आन् ह्या बारीला तुझा कागद नगं. मी बोलंन."

ती बोलली. मी शेजारच्या खुर्चीत बसलो होतो, दाजी मागे उभे होते. गाभण गाईपासून सुरुवात करून ती सगळं सांगत विटेपर्यंत आली. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "वीट खाल्ल्यावर बरं वाटतं? किती वेळ?" "दोन तास," अक्का म्हणाली. त्यांनी लघवी तपासायला पाठवली. त्यात मीठ जवळजवळ नव्हतंच. मग त्यांनी कागदावर चित्र काढून समजावलं. शेवटी उरलेलं पाणी आणि मीठ शोषून घ्यायचं काम मोठं आतडं करतं. ते नसलं की मीठ पिशवीतून निघून जातं, आणि नुसतं पाणी जास्त प्यायलं की आणखी जातं. रक्तात ते लवकर दिसत नाही, कारण शरीर ते कसंबसं राखून असतं. रक्तदाबाचं आता काही नाही, तेव्हा जेवणात मीठ हवं, क्षारांचं पाणी मोजून, आणि साधं पाणी बेतानं. सगळं सांगून झाल्यावर ते म्हणाले, "विटेचं मला आधी का नाही सांगितलंत? मागच्या कागदात तर नव्हतं."

अक्कानं माझ्याकडे पाहिलं नाही. "लाज वाटली," ती म्हणाली.

बाहेर गाडीपाशी आल्यावर मी बोलायला लागलो तर तिनं हात वर केला. "ऱ्हाऊ दे. बातमीदार, माझी बातमी कापलीस न्हवं तू?" आणि हसली. मग म्हणाली, "भूक लागलीय. मिठाचं काय तरी घे." रस्त्यातल्या हॉटेलात तिनं तळलेल्या मिरच्या मिठात बुडवून खाल्ल्या. दाजींनी समोर बसून त्या मोजल्या, पण अडवलं नाही.

त्यानंतरची दोन वर्षं तिला चांगली गेली. गोळे थांबले, वजन भरलं, एक गाय परत आली. क्षारांच्या पाण्याची स्टीलची बाटली गोठ्यातल्या खुंटीला टांगलेली असायची. मिठाची बरणी खालच्या फळीवर आली. तळव्यांची जळजळ तेवढी गेली नाही, तिचं कारण सापडलं नाही. अक्का म्हणायची, "एवढं एक ऱ्हाऊ दे. समदंच कळलं तर तुझ्याशी काय बोलू?" रोज सकाळी धारा झाल्या की साडेसातला तिचा फोन यायचा. पहिलं वाक्य ठरलेलं, "आज काय कापलं?" मी सांगायचो. कधी कालव्याच्या पाण्याच्या आवर्तनाची बातमी, कधी कुठल्या सत्काराची. ती विचारायची, "त्यात कायतरी असंल, बघितलंस का नीट?" आता साडेसातला मी फोन समोर ठेवून बसतो, हे मी कुणाला सांगितलेलं नाही...

तिच्या हृदयाचा त्या आठ महिन्यांशी काही संबंध होता का, हे मी पुण्याच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "सांगता येणार नाही." उत्तर प्रामाणिक होतं. मी ते जसंच्या तसं इथे दिलं आहे.

मागच्या रविवारी वस्तीवर गेलो होतो. धारा आता दाजी काढतात. वेळ लागतो, गाई पाय झाडतात. गव्हाणीवर नवी वीट टांगली होती आणि तिच्या शेजारी जुनी तशीच होती. मी विचारलं, "ही काढायची राहिली का?" दाजी म्हणाले, "राहिली न्हाय. ठेवलीय." मी जवळ जाऊन पाहिलं. तीन बाजूंना गाईंच्या जिभांनी गुळगुळीत खोलगट वाट्या पडल्या होत्या. चौथी बाजू, भिंतीकडची, सपाट होती. तिच्यावर विळ्याच्या टोकाचे बारीक, सरळ ओरखडे होते, एकाखाली एक. मी बोट फिरवलं आणि जिभेला लावलं. दाजी धार काढता काढता थांबले.