अंगावर काढलं, म्हणाली आई

सभागृहात माझ्या आईचा आवाज लावला आणि माणसं हसली.

साताऱ्याची बैठक. जिल्ह्याचं आरोग्याचं धोरण ठरणार होतं. पुढं साहेबलोक, मागच्या खुर्च्यांवर आमच्यासारख्या लहान संस्थांच्या बाया. स्पीकरमधून आई बोलत होती, "अंगावरून लय जायाचं बाई. कुणाला सांगायचं? अंगावरच काढलं."

पुढच्या रांगेतनं कुणीतरी म्हणालं, "यांचं सगळं अंगावरच!" आणि खसखस पिकली.

जे दुखणं आईनं माझ्या बापालाही कधी सांगितलं नाही, त्यावर परकी माणसं हसत होती. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. कारण तिला बोलती मीच केली होती.

कोयनेच्या खोऱ्यातल्या वाड्यांवर मी संस्थेचं काम करते. आमच्या उपकेंद्राला कायमचं कुलूप. सिस्टरची जागा रिकामी. किती खेटे घातले, तर साहेब म्हणायचे, पुरावा आणा. मग पुण्याहून एक संशोधक ताई आली. म्हणाली, "आकडेच लागतात असं नाही. बाया स्वतःच्या तोंडानं सांगतात तोही पुरावाच. तो मी वर पोचवते." मला कुणी तरी वाली भेटल्यासारखं वाटलं. कसली खुळी मी!

बाया तोंड उघडेनात. म्हणून आईला पहिली बसवलं. तिनं विचारलं, "माजं बोलणं साताऱ्यापतूर जाईल व्हय? सिस्टर मिळंल?"

"मिळंल," मी म्हणाले.

"मंग लाव तुजं मशीन."

ताईनं आमच्यात नाचणीची भाकरी खाल्ली. माझ्या आईला आई म्हणाली.

आता तीच ताई पडद्यावरचं वाचत होती. 'महिलांमध्ये स्वतःच्या आरोग्याबाबत उदासीनता. जनजागृतीची गरज.' साहेबांनी मान डोलावली. शिबिरं घेऊ, पोस्टर लावू. सिस्टरचं नावसुद्धा कुणी काढलं नाही.

मी उभी राहिले. "साहेब, आईचं पुढचं वाक्य लावा. ते कापलंय."

ताई दबक्या आवाजात म्हणाली, "अगं, बस ना. तू फक्त बोलणं गोळा करायचंस. अर्थ आम्ही लावतो."

बस? का बसू? मी नाही बसले. आईचं वाक्य आईच्याच बोलीत मोठ्यानं म्हणाले, "उपकेंद्राला कुलूप, पाटणच्या दवाखान्यात जायाला गाडी न्हाई, मंग अंगावर न्हाई तर कुठं काढायचं?"

"चहा घेऊ या," साहेब म्हणाले. खुर्च्या सरकल्या. माझ्याकडं कुणी वळूनही पाहिलं नाही.

जिन्यात ताईला अडवलं. "का कापलं?"

"साहेब दुखावले असते गं. पुढचं कामही याच जिल्ह्यात करायचंय. तुलाही घेते ना त्यात."

केसानं गळा कापला बाईनं. वर मलाही वाटा देत होती. मी म्हणाले, "माझ्या आईचा आवाज पुसून टाका. बाकीच्या बायांनाही मी विचारणार आहे. आमच्या तोंडचा एक शब्दही आता आम्हाला विचारल्याशिवाय वापरायचा नाही."

घरी येऊन आईला सगळं सांगितलं. हसल्याचंही. लपवलं असतं, तर मी ताईहून वेगळी कुठं?

आईनं चुलीत लाकूड पुढं सारलं. मग म्हणाली, "हसली व्हय? हसू दे. माज्या तोंडावर हसत्यात का बघू. मला घिऊन चल."

दुसऱ्या दिवशी वाडीवाडीला जाऊन बायांनाही सगळं सांगितलं. काही बाया मला शिव्या घालून आत गेल्या. बरोबरच होतं त्यांचं. पण बऱ्याच जणी साताऱ्याला यायला तयार झाल्या.

यापुढं आमच्या खोऱ्यात कुणी अभ्यासाला आलं, तर काय लिहिलंय ते आधी वाडीत वाचून दाखवायचं. बायांनी हो म्हटलं तरच ते वर जाईल. आणि साताऱ्याच्या पुढच्या बैठकीला आम्ही जाणार, बोलवा नाहीतर नका बोलवू. मागच्या खुर्च्यांवर बसणार नाही. सिस्टर कधी देता ते तोंडानं वदवून घेतल्याशिवाय साहेबांना चहाला उठू देणार नाही.