पेठेतला पोकर

चार जुने फुटबॉलवाले दर रविवारी दुपारी एका खोलीत बसले, की किस्से गोळा करावे लागत नाहीत. माळ्यावरच्या अडगळीसारखे ते आपोआप साठत जातात. आमचे साठले शिवाजी पेठेत, बापूच्या खाटेभोवती.

बापू आमचा गोलकीपर. त्याचा आवाज असा, की तो ओरडला की समोरच्या टीमचे लोकसुद्धा जागा बदलायचे. त्याच बापूला पक्षाघाताचा झटका आला. हातपाय हळूहळू सावरले, पण बोलणं गेलं ते गेलंच. डॉक्टर म्हणाले, "सगळं कळतंय त्यांना. डोक्याला काहीतरी नवं शिकवा. बोलतील."

तीन पत्ती बापूला झोपेतही येत होती, त्यामुळे ती बाद. मग आमचे सेंटर फॉरवर्ड जोशी मास्तर यांनी बोटीवर नोकरीला असलेल्या मेव्हण्याकडून शिकलेला पोकर बाहेर काढला.

* * *

पहिल्याच रविवारी भांडण. मास्तर सांगत होते, "जोडी सगळ्यात लहान. तिच्यावर दोन जोड्या, मग तीन सारखी. ओळीनं पानं आली की सिक्वेन्स, आणि सगळी बदाम किंवा सगळी इस्पिक आली की कलर. कलर सिक्वेन्सच्या वर."

आण्णा उठूनच बसला. हा आमचा फुलबॅक, कसबा बावड्याचा ऊसवाला. तीन पत्तीत सिक्वेन्स मोठा, आणि आण्णाचा जन्म तीन पत्तीत गेलेला.

"कलर वर? कुणी सांगितलं?"

"नियम आहे तसा."

"तुमच्या मेव्हण्याच्या बोटीवर असंल. पेठंत न्हाय."

शेवटी मतदान घेतलं. बापूनं नुसता हात हलवला. तो कुणाच्या बाजूनं हलला, यावर पुढचा अर्धा तास गेला.

* * *

पैसे लावायचे नाहीत, असं बापूच्या बायकोनं, म्हणजे आमच्या वहिनींनी बजावलं होतं. म्हणून आम्ही भाजलेल्या शेंगा लावल्या. डाव रंगला, मास्तर जिंकले, हात पुढं केला तर समोर नुसती टरफलं.

"आण्णा, शेंगा कुठं गेल्या?"

"मी हरणारच हुतो की. मग आधीच खाल्ल्या."

त्या दिवसापासून चिंचोके आले.

* * *

क्रम लक्षात राहावा म्हणून मास्तर उदाहरणं द्यायचे. "फुल हाउस म्हणजे तीन सारखी आणि एक जोडी. तीन पोरं आणि नवराबायको. भरलं घर."

"आन् चार सारखी?" मी विचारलं.

आण्णा विचार न करता बोलून गेला, "चार खांदेकरी."

वहिनी चहा घेऊन दारातच थबकल्या. बापूचे खांदे हलायला लागले. मास्तर डॉक्टरांना आणायला चपला शोधू लागले, तेवढ्यात बापूच्या घशातून आवाज फुटला. तो हसत होता! कित्येक महिन्यांत त्याचा आवाज आम्ही पहिल्यांदा ऐकला. वहिनींनी चहा तिथंच ठेवला आणि पदर डोळ्यांना लावून आत गेल्या. मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, हा बोलणार.

* * *

मग एका रविवारी मास्तर लग्नाला गगनबावड्याला गेले आणि आमचा डाव पंचाविना सुरू झाला. चिंचोक्यांचा ढीग चांगलाच वाढला होता. आण्णानं पानं टाकली, पाच ते नऊ. सिक्वेन्स! बापूनं सावकाश आपली पानं उलटी केली. पाचही बदाम.

आण्णानं सवयीनं ढिगावर हात ठेवला. मीही सवयीनं मान डोलावली आणि पत्ते गोळा करायला लागलो.

"आण्णा, हात काढ! कलर मोठा हाय!"

बाहेर गल्लीत चाललेला पोरांचा खेळ थांबला. वहिनी स्वयंपाकघरातून पिठाच्या हातानं धावत आल्या.

आण्णानं हात काढला नाही.

"काय म्हणलास? ऐकू न्हाय आलं."

"कलर मोठा हाय."

"मला न्हाय पटत. परत सांग."

दिवेलागणीपर्यंत आण्णाला काही ते पटलं नाही.