हुसेन मिस्त्रींची फौज

हुसेन मिस्त्री बंदूक आधी ऐकायचे आणि मग बघायचे. अहेरीच्या बाजाराच्या कडेला त्यांचं बुटकं कौलारू दुकान होतं. कुणी बंदूक घेऊन आलं की ते तिची नळी लाकडी दस्त्यापासून सोडवायचे, आढ्याला बांधलेल्या सुतळीत अडकवायचे आणि एका मोठ्या खिळ्याने तिला हलकेच ठोकायचे. बायका मडकं घेताना वाजवून घेतात, अगदी तसं. नळी घंटेसारखी वाजली तर मान हलवून म्हणायचे, "बोलते. जगन अजून." आवाज दबका आला तर खिळा खाली ठेवायचे आणि बंदुकीच्या मालकाकडे असं बघायचे, जणू घरात कुणी आजारी असल्याची बातमी त्याला सांगायची आहे.

मी तेव्हा आलापल्लीच्या जंगल खात्याच्या कचेरीत कारकून होतो. वर्ध्याकडून नवाच आलो होतो. आमच्या नाकेदारांच्या बंदुका दुरुस्तीला नेणं आणि परत आणणं हे काम माझ्याकडे आलं, कारण ते कुणालाच नको होतं. पहिल्या खेपेला मी दोन बंदुका सायकलला बांधून नेल्या. मिस्त्रींनी मला दारातच थांबवलं.

"बाबूजी, तोंड भिताडाकडे करा पयले. मंग नमस्कार."

"रिकाम्या आहेत हो," मी म्हणालो.

"रिकामी बंदूकच मानसं मारते. भरलेलीले तर सारेच भेतात."

असं बोलणारा माणूस आवडायला वेळ लागत नाही. मिस्त्री तेव्हा साठीच्या आसपास असतील. अंगाने काटकुळे, दाढी मेंदीने लाल केलेली, उजव्या हाताच्या बोटांत तेलाचा काळेपणा कायमचा मुरलेला. बायको वारली होती, एकुलती एक मुलगी सिरोंचाला दिली होती. मराठी तिकडच्या झाडीपट्टीची, मध्येच हिंदी. आसपासच्या खेड्यांतली माडिया माणसं आली की त्यांच्याशी मात्र थेट गोंडी. त्यांचं सगळ्यात जास्त काम या लोकांचंच असे. रानडुकरांपासून धान राखायला परवान्यावर मिळणाऱ्या भरमार बंदुका, म्हणजे तोंडाकडून दारू आणि छर्रे ठासायच्या जुन्या नळ्या. बापाकडून मुलाकडे आलेल्या, तारेने बांधलेल्या, कुठे कुठे लाखेने चिकटवलेल्या. मिस्त्री त्या हातात घेताना कधी तोंड वाकडं करत नसत.

ओळख मुरल्यावर एका दुपारी त्यांनी पेटीतून एक जाड वही काढली. वर कापडाचा पुठ्ठा, आत शिसपेन्सिलीने काढलेली चित्रं. बंदुका, पिस्तुलं, संगिनी, काडतुसांचे पट्टे. प्रत्येकाखाली मोडीसारख्या लपेटदार देवनागरीत मजकूर. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मिस्त्री दूरच्या एका हत्यारांच्या कारखान्यात कामाला होते. तिथे त्यांच्या हाताखालून हजारो बंदुका गेल्या आणि त्यातली एकही आपल्या शिपायाच्या मापाची नव्हती.

"गोऱ्या सायबाच्या खांद्याचं माप घेऊन बनवलेली बंदूक, अन् देल्ली आपल्या साडेपाच फुटाच्या गड्याले. धक्का बसला का पोरगं मांगं. मी मनात म्हनलो, मुलूख पन्नास वर्सं आंधी आपला झाला असता, तं आपल्या फौजेची बंदूक कशी असती? बस, तवापासून लिहून राह्यलो."

ही ती फौज होती. कधी नसलेल्या, पण असू शकली असती अशा एका देशाची. तिची पहिली बंदूक आखूड नळीची होती. दस्ता शिसमाचा. आलापल्लीचं सागवान का नाही, असं मी विचारलं तर म्हणाले, "सागवानाचे पलंग करा. धक्क्यानं चिरते थे." खटक्यावर पावसाचं पाणी जाऊ नये म्हणून पितळी झाकण. बर्फातल्या पलटणीसाठी मोठी कडी, हातमोज्यातून ओढता यावी अशी. गंमत म्हणजे प्रत्येक हत्यारामागे त्याच्याविषयीच्या तक्रारी लिहिलेल्या होत्या. 'नायक लालसू म्हणतो, दस्ता अजून दोन बोटं लांब. कापला.' 'शिपाई गणपत म्हणतो, झाकण वाजते, डुक्कर पळते.' नावं सगळी गिऱ्हाइकांची. कुणी दुकानात बसून आपल्या भरमारीबद्दल कुरकुर केली की मिस्त्री त्याला फौजेत भरती करून घेत आणि तक्रार वहीत चढवत. मी सगळी वही चाळली. तिच्यात एकही लढाई नव्हती.

"लढाई काऊन नाही, भाऊ?" मी त्यांच्याच बोलीत विचारलं.

"फौज चांगली असली तं लढाई होतेच कायले?" ते म्हणाले आणि वही बंद केली.

आता पुढचं सांगायला हवं. त्यात माझा हात आहे.

नायक लालसू हा खरा माणूस होता. अहेरीपासून चार कोसांवरच्या एका पाड्यावरचा, तिशीतला, फार कमी बोलणारा. पावसाळा संपता संपता तो आपली भरमार घेऊन आला तेव्हा मी दुकानात होतो. मिस्त्रींनी नळी टांगली, ठोकली, आणि पुन्हा ठोकली. मग तिच्या बुडाशी नख फिरवून मला दाखवलं. केसासारखी एक चीर होती. लालसूशी ते गोंडीत बराच वेळ बोलले. त्याने मान खाली घातली.

"काय सांगितलंत?"

"सांगतलं का आता दारू भरली तं फुटन. माझ्यापाशी एक जुनी नळी हाये, थे बसवून देतो. पंधरा दिस बंदूक इथीच राहू दे. थो म्हनते, धान पोटरीवर आलं, डुकरं येऊन राह्यले. मी म्हनलो, पंधरा दिस डबे वाजव."

लालसू बंदूक ठेवून गेला.

त्याच आठवड्यात परवाने तपासणारे एक साहेब आलापल्लीच्या विश्रामगृहात उतरले. रेंजर रजेवर होते, म्हणून त्यांची सरबराई माझ्याकडे होती. दोन दिवस साहेब माझ्याशी 'चहा' आणि 'गाडी' याखेरीज बोलले नव्हते. निघायच्या आदल्या सकाळी व्हरांड्यात त्यांनी आपली शिकारीची बंदूक पुसायला काढली, आणि मला काय झालं कुणास ठाऊक, मी म्हणालो, "साहेब, आमच्या अहेरीला एक मिस्त्री आहे. त्याने अख्ख्या फौजेची हत्यारं वहीत काढून ठेवली आहेत." साहेबांनी पहिल्यांदाच मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मला फार बरं वाटलं. मी आणखी सांगितलं. नळ्यांची मापं आहेत, शिपायांची नावंसुद्धा आहेत.

दुपारी साहेब जीपने अहेरीला गेले. रस्ता दाखवायला मला बरोबर घेतलं. साहेबांनी वहीचं विचारलं तेव्हा मिस्त्रींना वाटलं, कदर करणारा माणूस आला. त्यांनी साहेबांसाठी स्टूल पुसलं, स्वतःच वही काढली आणि एकेक पान उलगडून सांगू लागले. साहेब शांतपणे ऐकत होते. मग त्यांनी बोट ठेवलं.

"हा नायक लालसू कोण?"

"गिऱ्हाईक हाये, साहेब. पाड्यावरचा."

"म्हणजे माणूस खरा आहे."

"खराच हाये. त्याची बंदूक थे काय, टांगली हाये."

"आणि हा गणपत?"

"थोही."

साहेबांनी वही मिटली आणि आपल्या जमादाराकडे दिली. मी साहेबांना दाराबाहेर बाजूला गाठून हळूच म्हणालो, की साहेब, ही नुसती कल्पना आहे, म्हाताऱ्या माणसाचा विरंगुळा आहे. साहेब म्हणाले, "तुम्हीच तर सांगितलंत, मापं आहेत." ते रागावलेले नव्हते. रागावले असते तर कदाचित समजूत घालता आली असती. त्यांनी चौकशी होईपर्यंत मिस्त्रींचा परवाना स्थगित केला, अवजारांच्या पेटीला सील लावलं आणि दुकानातल्या बंदुका आल्या तशा मालकांना परत करायचा हुकूम दिला. परवाना नसलेल्या माणसाकडे बंदुका ठेवता येत नाहीत, हे नियमाला धरूनच होतं.

जमादार यादी करू लागला. लालसूच्या बंदुकीपाशी आला तेव्हा मिस्त्री मध्ये उभे राहिले.

"हे नका देऊ, जमादारसाहेब. हे चिरली हाये. बाकी साऱ्या न्या."

"यादीत आहे ना? मग जाणार."

"मंग मी तिले मोडून देतो. एकच हातोडा मारतो."

"हात लावला तर तुझ्यावर दुसरा गुन्हा लागेल," जमादार म्हणाला.

मिस्त्रींचा हात ऐरणीवरच्या हातोड्यावर होता. त्यांनी साहेबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी कारकून होतो. मी जमिनीकडे पाहिलं. त्यांनी हात काढून घेतला.

लालसू जमादाराकडून बंदूक घ्यायला अहेरीला आला तेव्हा मिस्त्रींनी त्याला बाजाराच्या दिवशी चौकात धरून पुन्हा पुन्हा बजावलं. त्याने हो म्हटलं. तो हो मनापासूनच म्हणाला असेल. पण सरकारी माणसाने स्वतःच्या हाताने परत दिलेली बंदूक वाईट कशी असेल, असंही त्याच्या मनात आलं असेल. बारा-तेरा दिवसांनी, संध्याकाळी, डुकरांचा कळप धानात शिरला तेव्हा त्याने ती भरली. डावा हात मनगटापासून गेला. बैलगाडीतून त्याला अहेरीच्या दवाखान्यात आणलं तेव्हा मिस्त्री गाडीमागे धावत होते. साठीचा माणूस, अनवाणी.

मी अर्ज लिहिले. मिस्त्रींच्या परवान्यासाठी तीन, लालसूच्या मदतीसाठी दोन. इतकी चांगली भाषा मी आयुष्यात पुन्हा लिहिली नाही. चांद्याच्या जिल्हा कचेरीतून एकदाच उत्तर आलं, प्रकरण विचाराधीन आहे. मिस्त्री कुलपं, स्टो, छत्र्या दुरुस्त करू लागले. पण लोक कुलूप घेऊन आले की ते हातात धरून नुसतेच बसून राहत. एकदा म्हणाले, "मी कायद्याले भेलो, बाबूजी. हातोडा हातात होता. मारला असता तं सहा महिने आत गेलो असतो, आनखी काय? त्याचा हात तं राह्यला असता."

ते स्वतःला दोष देत होते आणि मी समोर बसून ऐकत होतो. साहेबांना वहीचं कुणी सांगितलं हे त्यांनी कधी विचारलं नाही. बाजारात कुणीतरी सांगितलं असेल, असं त्यांनी धरून घेतलं होतं. मी तसं धरू दिलं.

सात-आठ महिने असेच गेले. शेवटी मुलगी आणि जावई त्यांना न्यायला आले. सिरोंचाच्या मोटारीपाशी सामान चढवून झालं. एक वळकटी आणि एक ट्रंक. ड्रायव्हर पुढे चढला तेव्हा मला राहवलं नाही. मी म्हणालो, "भाऊ, साहेबांना वहीचं मी सांगितलं होतं."

मिस्त्री माझ्याकडे बघत राहिले. त्यांचा चेहरा बदलला नाही. थकलेला माणूस आणखी एक ओझं घेतो तसे ते नुसते किंचित वाकले.

"काऊन सांगतलं?"

"साहेबांनी माझ्याशी बोलावं म्हणून."

"हं," ते म्हणाले. मोटार सुरू झाली. मी हात जोडले, माफ करा म्हणालो.

"मले कायले माफी मांगता? माझं वय झालंच होतं," खिडकीतून ते म्हणाले. "लालसूले जाऊन सांगा. त्याले मालूम पायजे का त्याची काही चुकी नोती. थो समजते का त्यानंच माझं ऐकलं नाई."

मी जाईन म्हणालो. आणि गेलो नाही. पाऊस होता, मग नाले भरले होते, मग रेंजरसाहेबांचा दौरा होता. पुढच्या उन्हाळ्यात जावयाचं कार्ड आलं. हुसेन मिस्त्री तापाने गेले होते. दोन ओळींचं कार्ड ते. दुसऱ्या दिवशी मी रजेचा अर्ज टाकला आणि सायकल काढली.

लालसू घरासमोरच्या मांडवात बसला होता. दोन्ही पायांनी बांबूची कांब दाबून धरून तो एका हाताने तिच्या पट्ट्या काढत होता. मला ओळखलं. उठून बाज ओढली. त्याला मराठी दोन-चार शब्दांपलीकडे येत नसे आणि मला गोंडी तितकीच. पण त्याची बायको बाजारात मोहफूल, चारोळी विकायला येई, तिला आमची भाषा चांगली येत होती. मी तिला म्हणालो, "बाई, मी सांगतो ते यांना सांग."

आणि मी सांगितलं. विश्रामगृहाचा व्हरांडा, साहेब, मी काय बोललो, का बोललो. बंदूक परत देताना मिस्त्री कसे आडवे आले आणि मी कसा खाली बघत राहिलो. मिस्त्री वारले तेही सांगितलं. चूक तुझी नाही, असं मिस्त्रींनी सांगायला सांगितलं होतं, आणि मला यायला वर्ष लागलं, हेही. बाई दाराच्या खांबाला टेकून उभी होती. मध्ये एकदाही तिने नवऱ्याला काही सांगितलं नाही. माझं संपल्यावर तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो आमच्या दोघांच्या तोंडाकडे आळीपाळीने बघत होता, थोडासा हसत, पाहुण्याकडे बघून हसावं तसा.

ती त्याच्याशी चार-पाच शब्द बोलली. त्यात मिस्त्रींचं नाव नव्हतं. 'येर' एवढा एकच शब्द मला कळला. येर म्हणजे पाणी.

लालसूने मान हलवली, उजव्या हाताने पायांवरची कांब बाजूला केली, आणि मला प्यायला पाणी आणायला स्वतः उठून आत गेला.