इद्वल बोंबचा बाक

आमच्या वेल्सच्या खोऱ्यात माणसाला आडनावानं कोण विचारतो? दूध घालणारा तो 'दूध', पाव भाजणारा तो 'पाव'. तसा पाणीपुरवठ्यावरचा इद्वल प्रॉसर म्हणजे 'इद्वल पाणी'. पण दोन हजार साल उजाडलं, आभाळ कोसळलं नाही, आणि गावानं त्याचं बारसं नव्यानं केलं. 'इद्वल बोंब'! दीड वर्ष हा बाबा यंत्रांच्या तारखा दुरुस्त करत बसला होता, आणि झालं काय? काहीच नाही. मग बोंबच की ती!

हे नाव इद्वलपेक्षा नेस्टालाच जास्त झोंबलं. खाणकामगाराची ही लेक सतराव्या वर्षी पाणीपुरवठ्यात कारकून म्हणून लागली आणि इद्वलच्या हाताखाली यंत्रं शिकली. पाण्यात जंतू मारायचं औषध थेंबथेंब सोडणारे एकेचाळीस डबे दोघांनी मिळून उघडले. यंत्राला सालाचे शेवटचे दोनच आकडे ठाऊक. नव्व्याण्णव संपलं की शून्य-शून्य, आणि हिशेबाचा पार विचका. तो विचका नेस्टानं एकदा डोळ्यांनी पाहिला होता आणि दोन दिवस तिला जेवण गेलं नव्हतं.

"अहो, लोकांना एकदा दाखवा तरी," ती म्हणायची.

"मी काय जादूगार आहे? पाणी गोड लागतंय ना त्यांना? झालं तर!"

असला हट्टी. तरी एक जादाचा डबा त्यानं दुरुस्त न करता तसाच ठेवला, वर चिठ्ठी चिकटवून: 'हात लावू नये.' गेल्या हिवाळ्यात इद्वल गेला आणि डबा नेस्टाकडे आला.

गेलेल्या माणसाच्या नावानं तळ्याकाठी बाक ठेवायची आमची रीत. नेस्टानं इद्वलसाठी बाक मागितला. शनिवारी दुपारी चर्चच्या खोलीत सभा भरली, चहा झाला, मनुकांचा पाव झाला, आणि पंचायतीतला तरणाबांड एल्फेड उठला.

"नेस्टामावशी, रागावू नका. इद्वलकाका देवमाणूस होते. पण बाक कशाबद्दल? नसलेल्या संकटातून वाचवल्याबद्दल? मग माझ्या आजीलाही द्या एक. तिनं जन्मभर गावात वाघ शिरू दिला नाही!"

खोली खदखदून हसली.

"हस बाबा, हस," नेस्टा म्हणाली आणि पिशवीतून डबा काढून टेबलावर ठेवला. औषधाच्या जागी एका बाटलीत लाल सरबत भरलं, नळी जोडली, खाली पाण्याचा जग ठेवला. घरी डबा लावून बघायचा तिला धीर झाला नव्हता. एवढ्या वर्षांत आतलं काही मेलं असेल तर? आज हा बिघडला नाही, तर इद्वलची बोंब त्याच्या थडग्यापर्यंत जाणार होती.

तिनं तारीख लावली: एकतीस डिसेंबर नव्व्याण्णव, बाराला दोन मिनिटं कमी.

टप्. जरा वेळानं टप्. पाण्याला गुलाबी झाकसुद्धा येईना.

"हे सरबत आम्हालाच द्यायचं होतं, मावशी," कुणीतरी म्हणालं. मग आकडे फिरले. शून्य-शून्य. खट्ट झालं आणि नळीतून धारच लागली. जग लाल झाला, भरला, वाहिला. सरबत एल्फेडच्या कागदांवर गेलं, टेबलावरून जमिनीवर गेलं. बाटली रिकामी झाली तरी तो डबा आपला घरघरतच होता. अगं बाई गं! म्हातारा पाववाला हळूच उठला आणि त्यानं डोक्यावरची टोपी काढली.

"हे... खरं औषध असतं तर?" एल्फेडनं विचारलं.

"तर नऊ हजार घरं. टाकीपासून पहिलं तुझं. तू चार महिन्यांचा होतास, बाटलीनं पावडरीचं दूध प्यायचास. आणि बाटलीत पाणी नळाचंच, बाळा."

एल्फेड खाली बसला. रुमाल काढून टेबल पुसत राहिला. पुसून झालं तरी पुसत राहिला.

अध्यक्षबाईंनी घसा खाकरला. "बाकावर लिहायचं काय मग?"

नेस्टा बोलणार, तोच एल्फेड मान वर न करता म्हणाला, "लिहा. इद्वल पाणी. एक जानेवारी दोन हजार. त्या दिवशी काहीच झालं नाही."