एकनाथरावांनी निवडलेला दिवा

अमेरिकेत बेलव्ह्यूपासून बॉथेलपर्यंतच्या मराठी घरांत एके काळी कुणाला काहीही घ्यायचं झालं, की आधी एकनाथ सालपेकरांना फोन जायचा. व्हीसीआर कुठला घ्यावा, डिशवॉशर कुठला, स्टेशन वॅगन जपानी की अमेरिकन, सगळ्याला एकनाथराव. ते लगेच उत्तर देत नसत. "दोन आठवडे द्या," म्हणत. मग कॅटलॉग मागवत, कंपन्यांना पत्रं लिहीत आणि शेवटी आलेखाच्या कागदावर बारीक पेन्सिलीने तक्ता काढून आणत. डॉक्टर शैलेंद्र त्यांना चिडवायचा, "यार एकनाथ, पद्मजावहिनींना बघायला गेलास तेव्हा ग्राफ काढला होतास का?" त्यावर पद्मजाबाई चहा गाळता गाळता म्हणायच्या, "काढला असेल. पण मला अजून दाखवला नाही."

पंच्याऐंशी सालानंतर मात्र हे बंद झालं. कुणी विचारलं तर एकनाथराव म्हणायचे, "दोन्ही चांगले आहेत. तुम्हाला आवडेल तो घ्या." लोकांना वाटलं, माणूस कंटाळला असेल. कंटाळा नव्हता तो.

सालपेकरांचं घर तेव्हा बॉथेलच्याही पुढे, जिथे डांबरी रस्ता अरुंद होतो आणि टपालाच्या पेट्या एका फळीवर ओळीने उभ्या असतात, तिथे होतं. बाकीचे मराठी लोक शाळा बघून घर घ्यायचे, एकनाथरावांनी झाडं बघून घेतलं. कुंपणापलीकडे वॉल्टर नील्सनची जमीन होती. वॉल्टर एकाहत्तर वर्षांचा, बायको जाऊन सहा वर्षं झालेली, चाळीसेक मेंढ्या आणि सँडी नावाची कुत्री एवढाच त्याचा संसार. सालपेकर राहायला आले त्या पहिल्या हिवाळ्यात त्यांच्या विहिरीचा पंप गोठला, तेव्हा हा म्हातारा न बोलावता हातात ब्लो टॉर्च घेऊन आला होता. बर्फात टायरला साखळ्या कशा लावायच्या, लाकूड कुठून फोडायचं, हे त्यानेच शिकवलं. तो एकनाथरावांना 'एडी' म्हणायचा. पद्मजाबाई त्याला समोर मिस्टर नील्सन म्हणत आणि घरात वॉल्टरकाका. दर गुरुवारी त्या बिनतिखटाचं वरण आणि भात घेऊन जायच्या आणि तो बशी पुसून खायचा.

नऊ वर्षं एकनाथराव त्याच्याकडून घेतच आले होते. म्हणून चौऱ्याऐंशीच्या सप्टेंबरात वॉल्टरने पहिल्यांदा काही मागितलं, तेव्हा त्यांना केवढं बरं वाटलं.

झालं होतं असं, की त्या वर्षी कायोटी फार माजले होते. कोल्ह्याहून थोराड, लांडग्याहून लहान असा हा प्राणी. दिवसा दिसत नाही. वसंतात त्यांनी वॉल्टरची अकरा कोकरं नेली होती. पुढच्या फेब्रुवारीत मेंढ्या पुन्हा व्यायच्या, त्याआधी बंदोबस्त करायला हवा होता. बंदूक वॉल्टरकडे होती आणि नेमही होता. प्रश्न अंधाराचा होता.

"बंदुकीवर बसवायचे दिवे मिळतात म्हणे," तो कुंपणावर कोपरं टेकून म्हणाला. "मला त्यातलं काही कळत नाही. इंजिनिअर तू आहेस, एडी. तू निवड."

एकनाथराव विमानांच्या उपकरणांच्या कंपनीत नोकरीला. शाकाहारी, जन्मात बंदूक हातात न धरलेले. पण दिवा हा त्यांचा विषय होता. दोन आठवडे स्वयंपाकघरातल्या टेबलावर शिकारीच्या सामानाचे कॅटलॉग पसरलेले होते. पद्मजाबाई पोळ्यांचं पीठ मळायला जागा करून घेत म्हणायच्या, "अहो, आपल्याकडे कुणी आलं तर काय म्हणेल? सालपेकर शिकारीला लागले?"

"अगं, फक्त दिव्याचं बघतोय."

तीन दिवे उरले. एक हातात धरायचा, मोठा थोरला, पांढरा झोत टाकणारा. पण त्याला दुसरा माणूस लागायचा आणि वॉल्टर तर एकटा. दुसरा बंदुकीच्या दुर्बिणीवर बसणारा, तोही पांढरा. तिसरा तसाच, पण काचेवर बिजागरीचं लाल झाकण असलेला. बॅटरी कमरेच्या पट्ट्याला, तिथून गुंडाळी वायर. एकनाथरावांनी वजन, बॅटरी किती तास टिकते, झोत किती यार्डांवर किती पसरतो, सगळं मांडलं. लाल प्रकाश या जनावरांना जवळजवळ दिसत नाही, पांढऱ्याला ती बुजतात आणि एकदा बुजली की पुन्हा त्या वाटेला येत नाहीत, असं दोन ठिकाणी छापलेलं सापडलं. तक्त्यात तिसरा दिवा सगळ्यात वर आला.

वॉल्टरने तक्ता बराच वेळ पाहिला. "मला पांढरा बरा वाटतो," तो म्हणाला. "ज्याच्यावर बंदूक रोखलीय ते मला नीट दिसायला हवं. आणि आधीच सांगतो, दिवा बंदुकीवर म्हणजे जिकडे बघायचं तिकडे नळी फिरणार. माझ्या बापाला नसतं आवडलं हे."

"पांढऱ्याने एक पळेल आणि दहा सावध होतील," एकनाथराव म्हणाले. "हा बघ आकडा."

आकड्यापुढे वॉल्टरने मान तुकवली. "तू सांगतोस तर ठीक."

दिवा पोस्टाने आला. एकनाथरावांनी तो गॅरेजमध्ये स्वतः बसवला. हलवला, की लाल झाकण बिजागरीत टक टक वाजायचं. कायोटीचे कान तिखट, एवढ्या आवाजानेही जनावर सावध होईल, म्हणून त्यांनी झाकणाच्या कडेला एपॉक्सी गोंदाचे दोन थेंब सोडले. झाकण कायमचं बसलं. वॉल्टरने हलवून पाहिलं, आवाज नाही. "काम बघ याचं," तो पद्मजाबाईंना कौतुकाने म्हणाला.

मग सँडीचा प्रश्न निघाला. ती वाळूच्या रंगाची, अंगाने कायोटीएवढीच. शिकारीच्या रात्री वॉल्टर तिला गोठ्यात कोंडणार होता, तरी तो म्हणाला, "हिच्या गळ्यात काहीतरी भडक बांधायला हवं. लांबून ओळखू येईल असं."

"ते मी करते," पद्मजाबाई म्हणाल्या.

त्यांच्या ट्रंकेत ओटीत आलेले खण पडून होते. इथे चोळी शिवून घालणार कोण? त्यांनी त्यातला सगळ्यात झगझगीत, तांबडा खण काढला, अस्तर लावून हातभर पट्टा शिवला आणि सँडीच्या गळ्यात बांधला. एकनाथराव आपल्या ओट्यावर उभे राहिले, वॉल्टर दोन कुरणं ओलांडून कुत्रीला घेऊन पलीकडे गेला. उन्हात तो पट्टा कुंकवासारखा उठून दिसत होता. एकनाथरावांनी हात वर करून 'दिसतो' अशी खूण केली.

भर दुपारी त्यांनी हे तपासलं. दिवा गॅरेजमध्ये, पट्टा कुरणात. दोन्ही त्यांच्या डोळ्यांखालून गेले, पण एकदाही एकत्र नाही.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, रात्री साडेदहाच्या सुमारास, एक बार ऐकू आला. एकनाथराव अंथरुणातच होते. "लागला बघ," ते म्हणाले, आणि त्या आवाजात जी खुशी होती ती पुढे कित्येक वर्षं त्यांना स्वतःलाच ऐकू येत राहिली. वॉल्टर फोन करेल म्हणून ते जागे राहिले. फोन आला नाही.

सकाळी गेले तर वॉल्टर सफरचंदाच्या झाडाखाली खड्डा खणत होता. सँडी गोणपाटात गुंडाळलेली होती. गोठ्याची कडी जुनी होती, तिने ती ढकलली असावी.

"मी पट्टा शोधला, एडी," तो फावडं न थांबवता म्हणाला. "लगेच नाही झाडली गोळी. दिवा धरून मानेवर बघितलं. पट्टा नव्हता. जवळ गेलो तर होता, जागच्या जागी." मग फावड्यावर रेलून तो म्हणाला, "डोळे गेले माझे. एवढं लाल मला दिसलं नाही."

एकनाथरावांनी फावडं मागून घेतलं आणि खणायला लागले. खणता खणताच त्यांना दिव्याचं चिकटवलेलं लाल झाकण आठवलं.

त्या संध्याकाळी त्यांनी ट्रंकेतून खणाचा उरलेला तुकडा घेतला. दिवा वॉल्टरने "हे घेऊन जा" म्हणून सकाळीच हातात दिला होता. गॅरेजचं दार लावून त्यांनी तुकडा गोणपाटावर ठेवला आणि दिवा लावला. खण नाहीसा झाला. कापड होतं, घडी होती, पण रंग नव्हता. लाल उजेडात तांबडं आणि वाळूचं एकसारखंच फिकट दिसत होतं. कॉलेजच्या पहिल्या वर्षात शिकलेली गोष्ट. शाळकरी मुलालाही समजावता आली असती.

"काय करताय हो?" पद्मजाबाईंनी आतून विचारलं.

"बॅटरी बघतोय," ते म्हणाले.

उद्या सांगू, असं त्यांनी ठरवलं. मग वाटलं, थँक्सगिव्हिंग होऊन जाऊ दे. मग संक्रांत. सांगायचं म्हणजे लाल दिव्याचा हट्ट आपला होता हे सांगायचं. म्हातारा पांढरा मागत होता, झाकण आपण चिकटवलं, नाहीतर शेवटच्या क्षणी त्याने ते उघडलंही असतं. आणि पद्मजालाही कळणार, तिचा पट्टा. तिला कशाला ते? या शेवटच्या कारणाचा त्यांना मोठा आधार वाटायचा.

इकडे वॉल्टरने रात्री गाडी चालवणं सोडलं. मग दिवसाही. एकनाथराव म्हणाले, "डोळ्यांच्या डॉक्टरला तरी दाखव. आमचा शैलेंद्र चांगला माणूस सांगेल." वॉल्टर म्हणाला, "मला जे माहीत आहे तेच सांगायला तो पैसे घेणार." एकनाथरावांनी पुन्हा आग्रह केला नाही. जानेवारीत त्याने मेंढ्या विकल्या. ट्रक आला, मेंढ्या चढल्या, आणि तो कुंपणाला धरून ऐकत उभा राहिला. बघत नव्हता, ऐकत होता, जणू खरंच दिसत नाही. मार्चमध्ये याकिमा गावाहून त्याची मुलगी कॅरल आली. जमीन एका बिल्डरने घेतली. एप्रिलच्या पहिल्या शनिवारी ती बापाला घेऊन जाणार होती.

गुरुवारी पद्मजाबाई म्हणाल्या, "वॉल्टरकाकांना चष्म्याचं घर शिवून देते. तो तांबडा खण उरलाय थोडा." ट्रंकेत तो नव्हता. शोधत शोधत त्या गॅरेजमध्ये गेल्या. फळीवर दिवा होता, त्याच्याखाली घडी घातलेला खण. दिवा का लावावासा वाटला कोण जाणे. बऱ्याच वेळाने त्या आत आल्या, खण टेबलावर ठेवला आणि खुर्चीवर बसल्या.

"तुम्हाला कधीपासून माहीत आहे?"

एकनाथरावांनी सांगितलं.

"मला बोलला नाहीत."

"तुला वाईट वाटेल म्हणून."

पद्मजाबाईंनी पदराने खणावरची धूळ झटकली. "पाच महिने तो माणूस स्वतःला आंधळा समजतोय," त्या म्हणाल्या. "मला वाचवत होतात, की स्वतःला?" उत्तराची वाट न बघता त्या उठल्या. "परवा जायच्या आधी सांगून या. मी बरोबर येणार नाही. हे तुमचं आहे."

शनिवारी सकाळी वॉल्टरचा गोठा रिकामा होता. भिंतीवर एक गोणपाट राहिलं होतं. एकनाथरावांनी वॉल्टरला आत नेऊन दार ओढून घेतलं, गोणपाटावर खणाचा तुकडा टाचला आणि दिवा लावला. मग दार उघडलं. पुन्हा लावलं. दोनदा केलं तसं.

वॉल्टरने दिवा त्यांच्या हातातून घेतला आणि स्वतः झोत फिरवला. खणावर, गोणपाटावर, आपल्या हातावर, परत खणावर.

"म्हणजे मला दिसत होतं," तो म्हणाला.

"हो. तुझ्या जागी कुणालाही तो पट्टा दिसला नसता."

"कधी कळलं तुला?"

"तुझ्या सफरचंदाखाली खणताना. त्याच संध्याकाळी खात्री करून घेतली."

वॉल्टरने दिवा बंद केला. अंधारात त्याचा श्वास ऐकू येत होता. एकनाथरावांनी माफी मागायला तोंड उघडलं, वाक्यं पाठ करून आणली होती, तेवढ्यात तो म्हणाला, "मेंढ्या जानेवारीत विकल्या मी." आवाज चढलेला नव्हता. "दिव्याचं मला काही नाही, एडी. चुकतं माणसाचं. मेंढ्या जानेवारीत विकल्या." दिवा त्याने खुंटीवर अडकवला आणि दार उघडून बाहेर गेला.

बाहेर कॅरल गाडी सुरू करून बसली होती. पद्मजाबाई कुंपणाशी वरण-भाताचा डबा घेऊन उभ्या होत्या. वॉल्टरने डबा घेतला, त्यांचा हात दोन्ही हातांत धरला. मग गाडीच्या डाव्या बाजूला जाऊन काचेवर बोटाने टकटक केली.

"सरक," तो मुलीला म्हणाला.

"डॅड, तुमचे डोळे..."

"डोळ्यांना काही झालेलं नाही. सरक."

ती सरकली. वॉल्टरने सीट मागे घेतली, आरसा सारखा केला आणि गाडी त्या अरुंद रस्त्यावरून, टपालाच्या पेट्यांना न घासता, वळणापर्यंत सरळ नेली. तिथे काचेतून त्याचा हात बाहेर आला. पद्मजाबाईंनी हात हलवला. एकनाथराव गोठ्याच्या दारातच उभे होते; त्यांनीही हात वर केला, पण तोवर गाडी वळली होती.