फिल्टरवर नणंदेचा हात

आमच्या इमारतीत तिला सगळे कानवाल्या बाई म्हणतात. माझ्या धाकट्या बहिणीच्या वयाची, म्हणून मी मात्र तिला अगंतुगं करते. कान-नाक-घशाच्या दवाखान्यात ती अठ्ठावीस वर्षं लोकांचे कान तपासते आहे. माझेही तिनेच तपासले. जाड दाराच्या लहानशा खोलीत बसवते, कानांवर हेडफोन चढवते, हातात बटण देते आणि सांगते, "आवाज आला की दाबायचं. नाही आला तर नाही. अंदाजपंचे नको." लोक तरीही काचेपलीकडे तिच्या हाताची हालचाल बघून बटण दाबतात. मीही एकदा दाबलं. तिने नुसती मान हलवली. शाळेत मुलांची कॉपी पकडण्यात माझी हयात गेली, आणि म्हातारपणी मीच पकडली गेले.

दोन वर्षांपूर्वी तिची लेक नोकरीसाठी परगावी गेली आणि घरातली एक खोली रिकामी झाली. त्या खोलीत कपाटावरच्या फळीवरून एक जुना सिंथेसायझर खाली आला. कॉलेजात असताना ती आणि तिची मैत्रीण अशा वाद्यांवर संगीत करायच्या. गाणं नाही, कम्प्युटर नाही. हिच्यापुढे सिंथेसायझर, मैत्रिणीपुढे ताल धरणारं ड्रम मशीन, आणि मध्ये वायरींचा गुंता. जड सामान उचलायला मैत्रिणीचा भाऊ यायचा. त्याच्याशीच हिचं लग्न झालं आणि मैत्रिणीची नणंद झाली. मग लेक, नोकरी, सासूबाईंचं आजारपण. वाद्य फळीवर गेलं ते पंचवीस वर्षं तिथेच राहिलं.

तीन पट्ट्या मुक्या झाल्या होत्या आणि नॉब फिरवला की खरखर यायची. चार रविवार खपून तिने सगळं स्वतः साफ केलं. त्या वाद्याला स्मरणशक्ती नाही. एकदा जुळवलेला आवाज नॉब हलले की गेला. पुन्हा हवा तर प्रत्येक नॉब हाताने जागेवर आणायचा. म्हणून तिने कॉलेजात असतानाच एक वही केली होती. प्रत्येक नॉबचं एक वर्तुळ, त्यात घड्याळाच्या काट्यासारखी एक रेघ. फिल्टर म्हणजे आवाजाची धार कमी-जास्त करणारा नॉब. तो दोन वाजले त्या जागी. वहीबरहुकूम तिने सगळं लावलं, पट्टी दाबली आणि तिचा चेहरा पडला.

"आवाजावर घोंगडी टाकल्यासारखं वाटतंय," ती नवऱ्याला म्हणाली. "म्हातारं झालं बिचारं."

तिने फिल्टर दोनावरून चारावर नेला, तेव्हा कुठे जुना आवाज परत आल्यासारखा वाटला.

नणंदेने एव्हाना वाचनालयाच्या हॉलमध्ये दोघींचा कार्यक्रम ठरवूनही टाकला होता. पाच आठवडे हातात होते. "या वेळी जमलं नाही तर वाद्य देऊन टाकीन," असं हिने मला जिन्यात सांगितलं. ती उगाच बोलणारी नाही.

नवऱ्याचा खिडक्यांना काचा बसवण्याचा धंदा आहे, स्वभाव अतिशय शांत. "छान चाललंय," असं म्हणून तो प्रत्येक वेळी काहीतरी आणायला खाली उतरायचा. त्या महिन्यात त्यांच्या घरात कोथिंबीर वाया गेली इतकी आली. पहिल्या तालमीला नणंद आली आणि पाचव्या मिनिटाला तिने कानांवर हात ठेवले.

"वहिनीसाहेब, काय हे! कानात दाभण खुपसल्यासारखं वाटतंय. दादाच्या काचा फुटतील."

"फुटू देत, तेवढाच त्याचा धंदा वाढेल."

"चेष्टा नाही. चारावर कशाला नेलंयस? तू दोनाच्या पुढे कधी जायची नाहीस."

"वाद्य जुनं झालंय, वन्सं. आणि कानांचं मला शिकवू नकोस. रोज वीस कान तपासते मी."

"लोकांचे!" नणंद म्हणाली आणि ड्रम मशीन पिशवीत घालून निघून गेली. पुढचे दोन रविवार ती आली नाही.

दवाखान्यात एक नियम आहे. सकाळी पहिला पेशंट येण्याआधी तपासणाऱ्याने स्वतः हेडफोन लावून यंत्राचा एकेक स्वर ऐकायचा. सगळ्यांत बारीक, सेकंदाला आठ हजार कंपनांचा स्वर तिला गेले काही महिने धड ऐकू येत नव्हता. तिने हेडफोन खराब म्हणून बदलून घेतले होते. नवेही खराब म्हणून परत पाठवले. आता तिसरे आले होते आणि ते बसवायला आलेल्या दुरुस्तीवाल्याला ती झापत होती.

त्याने मापाचं यंत्र लावून आकडा दाखवला. "बाई, स्वर बरोबर निघतोय. आधीच्या दोन्हींतही निघत होता." मग जरा चाचरत म्हणाला, "मला तर चांगला ऐकू येतोय."

तो गेल्यावर ती सोबतच्या तपासनीस मुलीला म्हणाली, "माझं कर गं." आणि जाड दाराच्या खोलीत जाऊन बसली. मुलीने तपासणी अर्ध्यावर थांबवून दार उघडलं. "ताई, तुम्ही माझ्या हाताकडे बघताय."

"बघतेय का?" ती म्हणाली आणि खुर्ची भिंतीकडे फिरवून बसली.

कागदावरची रेघ निम्म्यापर्यंत सरळ होती. तिथून पुढे जिना उतरावा तशी खाली गेली होती. अशा कागदावर ती पेशंटला सांगते, "वयाने होतं, घाबरायचं नाही." मुलगी तेच वाक्य बोलायला लागली तेव्हा तिने हात वर करून तिला थांबवलं. हे मला तिने नंतर चहा पिताना सांगितलं, अगदी दुसऱ्या कोणाचा रिपोर्ट सांगावा तसं.

त्या संध्याकाळी तिने नणंदेला फोन केला. दुसऱ्या दिवशी नणंद आली, तेव्हा मी तिथेच होते.

"कार्यक्रम रद्द कर. धार कुठे जास्त होतेय ते मला कळतच नाही. वाजवू कशी?"

नणंदेने कागद उलटसुलट करून पाहिला. "पट्ट्या ऐकू येतात?"

"येतात."

"सूर चुकला तर कळतो?"

"तुझा ताल चुकला तरी कळतो."

"मग बिघडलं कुठे? फिल्टर मी फिरवते. माझं मशीन एकदा चालू केलं की आपलं आपण वाजतं, माझा एक हात मोकळाच असतो."

"माझ्या नॉबला हात?" ती एकदम ताठ झाली. कॉलेजात असताना तिने नवऱ्यालासुद्धा, म्हणजे तेव्हा तो नवरा नव्हता, वाद्य फक्त तळाला धरून उचलू दिलं होतं.

"नाहीतर दादा फिरवेल. त्याला बोलावू?"

त्यानंतर तालमी रोज झाल्या. पहिल्या दोन दिवसांत तिने नणंदेच्या हातावर चापट्या मारल्या, मोजून तीन. चौथ्या दिवसापासून नवरा घरात बसायला लागला.

हॉलमध्ये साठेक माणसं होती. शेवटच्या तुकड्यात चार सूर एकत्र धरून ठेवायचे आणि फिल्टर सावकाश उघडत न्यायचा, असं ठरलं होतं. तिने चार पट्ट्या दाबल्या. नणंदेने नॉब फिरवायला सुरुवात केली. पहिल्यांदा आवाज खोल होता, मग त्याच्यावर पाणी चमकावं तसं काहीतरी चढत गेलं. तिची नजर नणंदेच्या हातावर खिळली होती. आवाज वर जातच होता. तिच्या चेहऱ्यावरून मला कळलं की तिच्यापुरता तो मघाशीच थांबला आहे. तरी तिने बोटं उचलली नाहीत. नणंदेने हात काढला, तेव्हाच तिने पट्ट्या सोडल्या.

टाळ्या झाल्या. वायरी गुंडाळताना तिने विचारलं, "इतका वेळ काय करत होतीस गं?"

"वर नेत होते. लोकांचे चेहरे नाही बघितलेस?"

"मला वाटलं, तू विसरलीस. मला काहीच बदलताना ऐकू येत नव्हतं."

"मग पट्ट्या का नाही सोडल्यास?"

"तुझा हात होता ना नॉबवर."

नणंद वायर गुंडाळायची थांबली. "सव्वीस वर्षांत पहिल्यांदा नणंदेवर विश्वास ठेवलास, वहिनीसाहेब."

"एका नॉबपुरता," ती म्हणाली. "आणि ती वायर अशी पिळू नकोस, तुटेल."